मागचा लाल दिवा

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाही तर मला माझी सवय माहीत आहे. चार परिच्छेद इतरांना नावं ठेवण्यात जातील आणि स्वतःवर यायची वेळ आली की कागद संपेल. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या गाडीचे फॉग लाइट हेडलाइटपासून तोडून स्वतंत्र करून घेतले. पुढचं नीट दिसावं म्हणून. त्या नादात मागून येणाऱ्याला मी दिसेनासा झालो. आणि ज्याला मी दिसलो नाही, त्याच माणसाला मी भर रस्त्यात आंधळा ठरवला.

आज पुन्हा धुई पडली आहे, दाट धुकं. पहाटे खिडकी उघडली तर समोरची पाण्याची टाकी गायब. तिच्या खालचा कडुलिंब अर्धा दिसतो, वरचा अर्धा कुणी पुसून टाकल्यासारखा. मोबाइलवर मात्र एव्हाना फोटोंचा पाऊस सुरू झाला असेल, ‘आपलं धाराशिव की महाबळेश्वर?’ असं लिहून. मला या फोटोंचा संताप येतो. ज्याच्या तुरीचा फुलोरा या धुईनं गळतो, त्यानं असा फोटो टाकलेला मी अजून पाहिला नाही. ज्याला सकाळी सहाला रस्त्यावर उतरायचंय, त्यानंही नाही.

मला उतरायचं असतं. येरमाळ्याच्या अलीकडं एका फाट्यावरून आत गेलं की आमची शाळा. दहावीचे जादा तास डिसेंबरात सुरू होतात, सकाळी सातला. म्हणजे माझ्यासाठी जादा तासांचा हंगाम, उसाचा हंगाम आणि धुईचा हंगाम हे तिन्ही एकच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या हुरड्याचा वास, उसाच्या ओल्या पाचटाचा वास, थंड स्टिअरिंगवर आखडलेली बोटं, आणि वर्गात स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून बसलेली पोरं. तेवीस वर्षं मी त्यांना विज्ञान शिकवतो. प्रकाश, परावर्तन, अपवर्तन. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

येडशी सोडली की धुई अंगावर येते. हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी. जेवढा उजेड जास्त, तेवढी भिंत जाड. थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. आणि त्या भिंतीतून अचानक जे बाहेर येतं त्याचा राग मी वर्षानुवर्षं पोसला होता. उसाची डबल ट्रॉली. मागं ना दिवा, ना रेडियम, ना एखादं लाल फडकं. बाहेर लोंबणारे ऊस तेवढे काचेपासून हातभर अंतरावर दिसायचे. आत बसलेल्या ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटायचं नाही, कारण त्याला त्याचं पुढचं दिसत असायचं.

मी यावर गप्प बसणारा नव्हतो. स्टाफरूममध्ये मी यावर इतकं बोलायचो की मी तोंड उघडलं की लोक चहाचे कप उचलून निघायचे. गाडीच्या डिकीत मी लाल रेडियमचा गुंडाळा आणि कात्री ठेवली होती. फाट्यावरच्या सोपानच्या हॉटेलात एखादा ट्रॅक्टरवाला चहाला थांबलेला दिसला की मी जाऊन त्याच्या ट्रॉलीला पट्टी चिकटवायचो आणि वर भाषण द्यायचो. “तुला दिसतं म्हणून भागत नाही बाबा. तू दिसला पाहिजेस.” हे माझं वाक्य. माझंच. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

फॉग लाइटचं वेड त्या सकाळींतूनच आलं. ते खाली असतात, उजेड रुंद आणि जमिनीलगत पसरतो, भिंत उभी राहत नाही. पण माझ्या गाडीत ते हेडलाइट लावल्याशिवाय लागतच नव्हते. म्हणजे ज्यानं दिसत नाही तो दिवा आधी लावा, मग ज्यानं दिसतं तो मिळेल. हे कुणी ठरवलं? कुठल्या तरी मोठ्या शहरात, वातानुकूलित खोलीत बसून, ज्यानं आमची धुई जन्मात पाहिली नाही त्यानं. असा मी चिडलो आणि गाडी घेऊन थेट रशीदभाईंकडं गेलो.

रशीदभाई म्हणजे आमच्या गावातले गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर. तोंडात सुपारी, कानावर टेस्टर. त्यांनी बॉनेट उघडलं, रिले हातानं चाचपला आणि म्हणाले, “सोपं हाय सर. हेडलाइटची तार तोडतो, पार्किंगवरनं घेतो. फॉग लावायचं तर आधी पार्किंग लावावं लागंल, म्हंजे मागचं लालबी लागलेलंच. डबल काम.”

मी नको म्हणालो. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी शाळेच्या मैदानात पार्किंगचे दिवे चालूच राहिले, बॅटरी उतरली आणि दहावीच्या सगळ्या वर्गानं आरडाओरडा करत माझी गाडी ढकलली. तो अपमान मला पुन्हा नको होता. “मला पूर्ण स्वतंत्र पाहिजे,” मी म्हणालो. “एक बटण, चावी काढली की बंद. दुसऱ्या कशाशी संबंध नको.”

“देतो की. चावीवरनं देतो.” मग ते थांबले. “पण मग फॉगचा आन् मागच्या दिव्याचा रिश्ता तुटला बघा. धुईत निघताना पार्किंगचं बटण याद करून लावत जावा. न्हाय लावलं तर पुढनं दिवाळी आन् मागनं अमावस्या.”

मी हो हो म्हणालो. माझं लक्ष समोरच्या भिंतीवर पंख्यासारख्या पसरलेल्या दोन पिवळ्या झोतांकडं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हाचं सुख मी नाकारणार नाही. हेडलाइट बंद, पांढरी भिंत नाही. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पिवळ्या उजेडात निघून माझ्यापुढं पळायला लागला. कडेचं गवत, त्यावरचं दव, मैलाचा दगड, सगळं स्वच्छ. मला वाटलं, या अख्ख्या रस्त्यावर डोकं असलेला मी एकटाच. पार्किंगचं बटण पहिले दोन दिवस लावलं असेल. तिसऱ्या दिवसापासून लागत नव्हतं, आणि लागत नाही हे कळतही नव्हतं. आपल्याच गाडीचं मागचं आपल्याला कधी दिसत नाही. आणि माझी गाडी चंदेरी, म्हणजे बरोबर धुईच्याच रंगाची.

शिवाप्पा दूधवाल्यांना मी ओळखत होतो. त्या भागात सगळे त्यांना नुसतं आप्पा म्हणतात. साठीला आलेले, कपाळावर भस्माची बोटं, डोक्याला मफलर, जुनी मोटारसायकल आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. सोपानच्या हॉटेलात रोज साडेसहाला त्यांचं दूध उतरायचं आणि त्याच दुधाचा पहिला चहा ते स्वतः घ्यायचे. मला नेहमी म्हणायचे, “सर, बसा की. आपल्याच म्हशीचा च्या हाय.”

एका दाट धुईच्या सकाळी फाटा पन्नास पावलांवर आला असताना पुढं उसाची ट्रॉली निघाली. मी ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागं धाडकन आवाज झाला. गाडी हलली आणि मग कॅन गडगडत गेल्याचा आवाज. मी उतरलो तेव्हा आप्पा रस्त्याच्या कडेला बसले होते, डावं मनगट उजव्या हातात धरून. दूध डांबरावरून उतारानं चाललं होतं.

लागलं का, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. माझा पहिला प्रश्न होता, “डोळे आहेत की नाहीत?”

आप्पांनी वर पाहिलं. “सर, तुमी हाय व्हय? लाल काय दिसलंच न्हाय वो. एकदम म्होरंच आली गाडी.”

“दिसलं नाही म्हणजे? एवढी गाडी दिसत नाही? मग या वयात चालवता कशाला? उद्या एखाद्या लेकराला उडवाल!”

तोवर हॉटेलातली माणसं धावत आली होती. एकानं आप्पांना उठवलं. दुसरा हसत म्हणाला, “आप्पा, एवढा हत्ती दिसंना व्हय तुमाला?” आणि सोपान, स्वतः हॉटेलचा मालक, माझ्या गाडीकडं हात करून म्हणाला, “बगा की, सरांनी म्होरं ह्या दोन पिवळ्या बत्त्या लावल्यात. धुईत कुटनंबी दिसत्यात. त्या दिसल्या न्हाईत तर मग डोळेच गेले म्हणायचे.”

पुढच्या बत्त्या मागून येणाऱ्याला कशा दिसतील, हे तिथल्या दहा माणसांत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवतो.

मला आज सगळ्यात जास्त चीड त्या पाच मिनिटांची येते. कुणी गाडीला वळसा घालून पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही. एकीकडं चारचाकीवाले सर, दुसरीकडं दूधवाला. मागून धडकणाऱ्याची चूक, हे तर सगळ्यांना पाठच. आप्पा दोनदा म्हणाले, “लाल न्हवतं वो.” दोन्ही वेळा लोक हसले. तिसऱ्या वेळी ते म्हणालेच नाहीत. खरं बोलणारा माणूस तीन वाक्यांत स्वतःवरच संशय घ्यायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पगारी आवाजाला, माझ्या इस्त्रीच्या शर्टाला जो मान मिळाला, तो त्यांच्या डोळ्यांतून काढून मला दिला होता. आणि मी तो घेतला.

त्या धडकेनंतर चौथ्या दिवशी मी घराच्या फाटकातून गाडी मागं घेत होतो. दाट धुई. बायको मागं उभी राहून “या, या, थांबा” करत होती. मी थांबलो तशी ती काचेपाशी आली.

“अहो, तुमचे मागचे दिवे लागतच नाहीत का?”

“ब्रेक दाबला की लागतात.”

“ते दिसलं. पण ब्रेक दाबल्यावर लागून काय उपयोग? तोवर माणूस अंगावर आलेला असतो.” आणि मग एकदम हळू आवाजात, “त्या दूधवाल्यांनाही असंच...”

“उशीर होतोय मला,” मी म्हणालो आणि निघालो. पार्किंगचं बटण लावून निघालो. म्हणजे कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. त्या सकाळी वर्गात मी काय शिकवलं ते आठवत नाही. डिकीत लाल रेडियमचा गुंडाळा होता, तेवढं आठवतं.

शाळा सुटल्यावर रशीदभाईंकडं गेलो आणि निर्लज्जपणे त्यांच्यावरच घसरलो. “तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं.”

“सांगितलं होतं की सर.” त्यांनी टेस्टर कानावर ठेवला. “कुणाला लागलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “कुणाला नाही.”

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग फॉगची तार पार्किंगवर घेतली. पाव तासाचं काम. माझ्या गाडीला तिचा लाल दिवा पाव तासात परत मिळाला.

आप्पांची मोटारसायकल मात्र गेली. सोपाननंच सांगितलं, मी चहा पीत असताना, मजेशीर बातमी सांगावी तसं. “आप्पाच्या पोरानं गाडी काढून घेतली, सर. गोठ्यात लावली, वर पोतं टाकलं. म्हणला, सर एवढं शिकल्यालं माणूस, ते म्हणत्यात डोळे गेले म्हंजे गेले.” तो चहा मी संपवला. कसा संपवला कोण जाणे.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर आप्पा फाट्यापर्यंत चालत यायला लागले, दोन हातांत दोन कॅन, थोडं चालून थोडं टेकवून. पुढं शेअरिंगच्या जीपची वाट पाहत उभे. जीपवाला कधी कॅन घ्यायचा, कधी नाही. दूध उशिरा पोचायचं म्हणून दोन ठिकाणचं गिऱ्हाईक तुटलं. सोपाननं दुसऱ्याचं दूध लावलं. तरी आप्पा तिथंच उभे असायचे, आणि आता त्यांना दुसऱ्याच्या म्हशीचा चहा घ्यावा लागायचा.

फेब्रुवारीत एके दिवशी ते फाट्याकडं चालत निघालेले दिसले आणि मी त्यांना गाडीत घेतलं. उपकार केल्यासारखं नाही, निदान मला तसं वाटत होतं. कॅन मांडीवर घेऊन ते अवघडून बसले. मग म्हणाले, “सर, तुमचे लई उपकार झाले माझ्यावर.”

“कसले उपकार आप्पा?”

“तुमी बोलला म्हणून कळलं. न्हायतर म्या कुणाचं तरी लेकरू मारलं असतं. डॉक्टर म्हणतोय डोळे बरे हायत. दोन डॉक्टर झाले. पर मला ठावं हाय की. एवढी मोटी गाडी म्होरं होती आन् मला दिसली न्हाय. मंग डोळे बरे कसे?”

मी रस्त्याकडं पाहत राहिलो. धुई नव्हती, लख्ख ऊन होतं, सगळं दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. फाटा येईपर्यंत मी ते वाक्य जुळवत राहिलो आणि फाटा आल्यावर म्हणालो, “जपून उतरा.”

त्यानंतर मी अख्खं वर्ष काय केलं? चिडलो. ट्रॉलीवाल्यांवर चिडलो, डोळ्यांत पांढरे झोत मारत येणाऱ्या नव्या गाड्यांवर चिडलो, बायकोवर चिडलो, दहावीच्या पोरांवर चिडलो. ज्याच्यावर चिडायला हवं होतं तो रोज आरशात दाढी करताना भेटायचा, त्याला सोडून सगळ्यांवर. आणि स्वतःला समजावायला मी किती शहाणपणाची कारणं काढली! ब्रेकचा दिवा तर लागला होता. त्यांची मोटारसायकल जुनी, तिचा उजेड मिणमिणता. नाही तरी त्यांचं वयच झालंय. एकदा तर मी स्वतःला असंही म्हणालो होतो की आता सांगून त्यांना उगाच त्रास होईल. त्यांना त्रास! माणूस स्वतःच्या भित्रेपणाला दुसऱ्याची काळजी असं नाव किती सहज देतो, याचा मला आता किळस येतो.

ज्याला दिवा नसतो त्याला निदान माहीत तरी नसतं. मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. उसाच्या ट्रॉलीवाल्यापेक्षा मी वाईट. त्यानं कधी रेडियमवर भाषणं दिली नव्हती.

यंदा जादा तास सुरू झाले. पहिली धुई पडली त्याच्या आदल्या दिवशीच मी रशीदभाईंकडं गेलो होतो. हवेत गारठा वाढला होता, उद्या पडणार हे कळत होतं. म्हणालो, “ती तार पुन्हा गेल्या वर्षीसारखी जोडा. एका सकाळीपुरती. आणि तुम्ही विचारलं होतं ना, कुणाला लागलं का. लागलं होतं.”

त्यांनी ऐकून घेतलं. तार जोडून बॉनेट खाली केल्यावर तेवढं म्हणाले, “पार्किंगचं बटण...”

“या वेळी विसरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, दाट धुई. सोपानच्या हॉटेलापुढं पाच-सात माणसं शेकोटीला बसलेली, आप्पा कॅन टेकवून जीपची वाट पाहत उभे. मी गाडी रस्त्यावर ठेवली नाही. हॉटेलमागच्या कच्च्या वाटेवर, मागची बाजू हॉटेलाकडं ठेवून, पन्नास पावलं पुढं नेली, फॉग लाइट चालू ठेवले, पार्किंग बंद केलं आणि चालत परत आलो.

“आप्पा, इकडं या. सोपान, तूही ये. सगळेच या.” माझा आवाज शिक्षकाचाच निघाला, त्याला इलाज नाही. “त्या वाटेवर काय दिसतंय?”

“काय दिसतंय म्हंजे?” सोपान म्हणाला. “धुई दिसतीया.”

“आप्पा?”

आप्पा लगेच चेहरा पाडून म्हणाले, “माझं काय इचारता सर. मला काय दिसणार हाय?”

“तिथं माझी गाडी उभी आहे. पुढचे दोन्ही पिवळे दिवे चालू आहेत. सोपान, दिसतायत का बत्त्या?”

सोपाननं डोळ्यांवर हात धरला. दोन पावलं पुढं गेला. “आयला,” तो म्हणाला, “न्हाय की वो.” शेकोटीवरचा एकजण हसायला लागला आणि मध्येच थांबला.

मी पळत गेलो, पार्किंगचं बटण लावलं, परत आलो. धाप लागली होती. “आणि आता?”

कुणी बोलायच्या आधी आप्पांनी हात वर केला. “ते बगा. दोन लाल.” त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं. मग ते बोट खाली आलं आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं. शेकोटीत पाचट तडतडत होतं. “मंग त्या दिशी,” ते हळूच म्हणाले, “त्या दिशी लाल न्हवतंच.”

“नव्हतं आप्पा.”

“मी म्हणत हुतो.”

“तुम्ही दोनदा म्हणालात.”

“तुमाला कवा कळलं?”

हाच प्रश्न मला नको होता, वर्षभर. सोपान, शेकोटीवरची माणसं, सगळे तेच होते. जिथं मी ओरडलो होतो तिथून पन्नास पावलांवर. मी त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोललो होतो, तेवढ्याच मोठ्यानं बोललो.

“चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशी कळलं आणि वर्षभर गप्प बसलो. तुम्ही माझ्या गाडीत बसून माझे उपकार मानलेत, तेव्हाही गप्प बसलो. तुमचे डोळे चांगले आहेत, आप्पा. तेव्हाही चांगले होते. गोठ्यातली गाडी बाहेर काढा, तुमच्या मुलाला मी स्वतः येऊन सांगतो. माझ्या गाडीला मागं दिवा नव्हता आणि मी तुम्हाला आंधळं म्हणालो. मला माफ करा.”